सेल उन्हात घालायचे दिवस

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर मोबाइल असलं तरी धंदा बॅटरीचाच, आणि तो अण्णांपासून, म्हणजे वडिलांपासून चालत आलेला. हल्ली ट्यूशनला आलेली पोरं येतात. कुणाच्या तरी बिघडलेल्या लॅपटॉपची बॅटरी हातात असते. "काका, यातले सेल काढून पॉवर बँक करून द्या की." मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेली असतात, त्यामुळं त्यांना ही अगदी ताजी कला वाटते. मी हसतो. संपलेल्या सेलातून आणखी थोडी वीज पिळून काढायची खोड आमच्या भागाला तीन पिढ्यांची आहे. आणि अडचणही तिथंच आहे. आधीच्या दोन पिढ्यांचे सेल ही खोड सोसून घ्यायचे, हा तिसरा सोसत नाही.

पहिला सेल लाल. सत्तरच्या दशकात आमच्या गावी, औसा तालुक्यात, दुकानातून विकत आणायच्या वस्तू मोजक्याच असत: मीठ, काडेपेटी, चहापत्ती, रॉकेल आणि एव्हरेडीचे सेल. घरात दोन सेलची बॅटरी, रानात तीन सेलची लांबडी. रात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात ती बॅटरी. साप-विंचवाचा मुलूख, उजेडाशिवाय बांधावर पाय टाकायची सोय नाही. पुढं ट्रान्झिस्टर आला आणि सेलांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं. बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि नेमका तेव्हाच आवाज घोगरा व्हायचा. मग बॅटरीतले सेल ट्रान्झिस्टरमध्ये आणि ट्रान्झिस्टरमधले बॅटरीत, अशी अदलाबदल घरोघर चालायची.

सेल मंदावला की माय तो माळवदावर उन्हात घालायची, कुरडयांच्या शेजारी. संध्याकाळी तो पुन्हा जरा उजेड द्यायचा. यात अंधश्रद्धा नव्हती, रसायन होतं. जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच माणसानं १८६६ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं त्या घटाचाच हा कोरडा अवतार. बाहेरचं भांडं जस्ताचं, मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि नवसागराचा लगदा. वापरता वापरता कांडीपाशी हायड्रोजन साचतो आणि वीज अडते. सेल निवांत पडला की मँगनीज तो हायड्रोजन हळूहळू पचवतं, आणि ऊन लागलं की हे पचवणं लवकर होतं. जस्त मात्र गेलं ते गेलंच, म्हणून तो उजेड घटकाभराचा. काही जण त्याच्याही पुढं जात. सेलाच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडायचं, मिठाचं पाणी सोडायचं आणि मेणबत्तीच्या मेणानं भोक बुजवायचं. आतला लगदा वाळलेला असायचा, तो ओला झाला की सेल आणखी दोन रात्री ढकलत न्यायचा.

एवढं करून तो खरोखर मेला की आम्हा पोरांच्या ताब्यात. दगडानं फोडून कांडी काढायची, तिनं फरशीवर रेघोट्या मारायच्या. काळी पूड शाळेत जायची, फळा काळा करायला. या सगळ्या खटाटोपात वाईटात वाईट काय व्हायचं, तर बॅटरीत विसरलेला सेल फुटून पांढरट चिकटा बाहेर यायचा आणि स्प्रिंग गंजायची. बस्स. म्हणजे एका अख्ख्या पिढीनं हेच शिकून घेतलं, की मेलेल्या सेलाला ऊन दाखवावं, भोक पाडावं, काहीबाही घालावं, जमलं तर जमलं, नाही तर आपलं काही जात नाही.

दुसरा सेल शिशाचा. अण्णांनी गाव सोडून लातुरात 'येथे बॅटरी चार्जिंग करून मिळेल' अशी पाटी लावली तेव्हा गिऱ्हाईक होतं ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांचं आणि लाउडस्पीकरवाल्यांचं. धंद्याला खरा रंग चढला तो दूरदर्शननं. २५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झालं, दर रविवारी सकाळी. गावात वीज असली तरी त्या वेळेला असेलच याची खात्री कुणी देत नसे. बारा व्होल्टवर चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, उंच बांबूवर अँटेना आणि खाली ट्रॅक्टरची बॅटरी, असा संसार एकेका गावानं वर्गणी काढून मांडला. शनिवारी आमच्या दुकानात बॅटऱ्यांची रांग लागायची. एसटीच्या टपावरून यायच्या. कंडक्टर कुरकुर करायचा, कारण ॲसिड सांडलं तर खालच्या माणसाच्या धोतराला भोकं. दुसऱ्या वर्षी २ ऑक्टोबरला 'महाभारत' सुरू झालं आणि ही रांग १९९० पर्यंत हटली नाही.

अण्णांचं यंत्र म्हणजे भिंतीला ठोकलेली एक फळी. फळीवर बल्बांचे होल्डर ओळीनं. लाईनची वीज रेक्टिफायरमधून सरळ व्हायची, बल्बांमधून जायची आणि मग एकमेकींना जोडलेल्या बॅटऱ्यांच्या माळेत. करंट किती सोडायचा ते बल्ब ठरवायचे. शंभर वॅटचा एक बल्ब म्हणजे अर्ध्या ॲंपियरला थोडा कमी. बॅटरी मोठी असेल तर जास्त बल्ब पेटवायचे, प्लेटा पांढऱ्या पडलेली म्हातारी बॅटरी असेल तर दोनच, आणि तिला दोन दिवस सावकाश खाऊ द्यायचं. चालू माळेला हात लागला तर थेट लाईनचा झटका. बॅटरी भरली की नाही ते हायड्रोमीटर सांगायचा. काचेच्या नळीत ॲसिड ओढलं की आतला तराफा जिथं उभा राहील तो आकडा. 'बाराशे साठ' म्हणजे भरली, 'अकराशे पन्नास' म्हणजे रिकामी. पाण्याचा आकडा हजार धरला तर ॲसिड त्याच्या सव्वापट जड, एवढाच त्याचा अर्थ. पण दशांश चिन्ह उच्चारलेलं मी त्या दुकानात कधी ऐकलं नाही.

हा सेलही क्षमाशील. पाणी आटलं, डिस्टिल्ड वॉटर घाला. प्लेट गळाली, बॅटरी 'बांधून' घ्या. म्हणजे वरचं डांबर ब्लोलँपनं वितळवून खोकं उघडायचं, खराब प्लेटा उपटायच्या, नव्या झाळायच्या, मधे सेपरेटर सरकवायचे आणि पुन्हा डांबर ओतायचं. एकच बॅटरी तीन-तीन वेळा जन्म घ्यायची. धोका होता तो दोन जागी. भरत आलेली बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की ठिणगीला पुरतो. म्हणून मंत्र्यालासुद्धा अण्णा बिडी विझवायला लावतील असं लोक गमतीनं म्हणत. दुसरा धोका शिशाचा. त्याचा धूर मज्जातंतूंना खातो, लहान मुलांना तर फारच, हे मला आयटीआयला गेल्यावर कळलं. तोवर आम्ही भावंडं शिशाच्या भट्टीशेजारीच गोट्या खेळत होतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. विसर्जनाची रात्र होती, लोक उशिरा झोपले होते. दगड-मातीची घरं आणि वर जड माळवदं. हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. तारा तुटल्या, गावंच्या गावं अंधारात. दिवस वर यायच्या आत अण्णांनी दुकानात भरलेल्या होत्या तेवढ्या बॅटऱ्या आणि ट्रकचे हेडलाइट जीपमध्ये घातले. कुणाची बॅटरी कुठली हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि नंतर मालकांनीही मागितलं नाही. याच्यावर जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

लोडशेडिंग तसं जुनंच, पण त्याचा खरा कहर २००५ नंतरचा. त्याच वर्षी ६ जूनला वीज मंडळाचे तुकडे झाले आणि महावितरण हे नाव बिलावर आलं. मुख्यमंत्री आमच्याच बाभळगावचे विलासराव देशमुख, शेजारी परळीला औष्णिक केंद्र, आणि खेड्यात बारा-बारा तास अंधार. गळती जास्त, वसुली कमी, तो फीडर जास्त वेळ बंद, असा हिशोब होता. आकडा टाकणारा एक आणि अंधारात बसणारं सगळं गाव. शहरात इन्व्हर्टर आले, त्याबरोबर ट्युब्युलर बॅटऱ्या, आणि आमच्या जुन्या विद्येला आणखी काही वर्षं मिळाली.

पण तोवर खिशात तिसरा सेल आला होता. नोकिया ११०० खेड्यात इतका खपला त्याचं एक कारण त्याच्या डोक्यावरची बॅटरी, म्हणजे टॉर्च. मोबाइल रेंजला यायच्या आधी तो रानात उजेडाला कामी आला. चार्जिंगची मात्र बोंब. वीज आली की पिठाच्या गिरणीतल्या बोर्डावर फोनांचा घोस लोंबायचा. बाजाराच्या दिवशी लोक ज्वारीच्या पिशवीत चार-पाच घरांचे फोन घालून आणायचे आणि माझ्याकडं टाकून जायचे. कुणी नुसतीच बॅटरी आणायचा. मग ती युनिव्हर्सल चार्जरच्या चिमट्यात धरायची, दोन पिना सरकवून टोकांना टेकवायच्या, लाल-हिरवे दिवे नाचायला लागले की लागली म्हणायचं.

इथंच जुनी खोड नडली. लिथियमची बॅटरी एका मर्यादेखाली उतरली की तिच्यातलं संरक्षक सर्किट वाट बंद करतं. चार्जरला ती दिसतच नाही. मग दुकानदार तिला 'झटका' द्यायचे. नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी क्षणभर टोकांना लावायच्या, की ती जागी. फुगलेली बॅटरी दिसली तर सुईनं टोचून हवा काढायची. पन्नास वर्षांपूर्वीचं तेच खिळ्याचं भोक. गिऱ्हाईक खूष, कारण दोनशेची बॅटरी वाचली.

१४ ऑगस्ट २००७ ला नोकियानं जाहीर केलं की मात्सुशिता या कंपनीनं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंग करताना जास्त तापू शकतात. संख्या ४ कोटी ६० लाख. टीव्हीवर ती बातमी अशी काही चालली की दुसऱ्या दिवशी, झेंडावंदन उरकून, गोलाईतल्या प्रत्येक मोबाइलच्या दुकानापुढं गर्दी. फोन उघडून बॅटरीच्या पाठीवरचा लांबलचक नंबर वाचून दाखवा म्हणत होते. गंमत अशी, की निम्म्या बॅटऱ्या मुळात नोकियाच्या नव्हत्याच, नावापुरत्या होत्या. त्यांच्या नंबराला काही अर्थ नव्हता. पण 'बॅटरी फुटते' हे शब्द त्या आठवड्यात पहिल्यांदा आमच्या लोकांच्या तोंडी बसले.

लिथियम-आयन सेल सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणला. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ साली नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. लॅपटॉपच्या जाड बॅटरीत बहुतेकदा सहा गोल सेल असतात. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्याला १८६५० म्हणतात. सहातला एखादा बिघडला तरी लॅपटॉप अख्खी बॅटरी नाकारतो, आणि बाकीचे पाच धडधाकट सेल भंगारात जातात. लातुरात क्लासेस वाढले, कॉम्प्युटर सेंटरं वाढली, तसा हा माल भंगारवाल्याकडं किलोवर यायला लागला. शिशाचा धंदा बसत होताच. मी इकडं वळलो.

आता पोरांना मी जे सांगतो ते सांगतो. खोकं उघडताना स्क्रूड्रायव्हर आत खुपसायचा नाही, कडेनं प्लास्टिकची पट्टी फिरवायची. लाल सेलाच्या सवयीनं माणूस समजतो की टोपी प्लस आणि बूड मायनस. या सेलाचं नुसतं बूडच नाही, अख्खं अंग मायनस आहे, खांद्यापर्यंत. टोपी आणि खांदा यांच्यात एका कागदी चकतीचं अंतर. पक्कडीनं निकेलची पट्टी ओढताना ती खांद्याला टेकली की तिथंच शॉर्ट. वरचं पातळ प्लास्टिक फाटलं असेल तर नवीन चढवल्याशिवाय पुढं जायचं नाही.

मग मीटर लावायचा. अडीच व्होल्टच्या खाली असेल तर तो सेल बाजूला, आणि त्याला झटका द्यायचा नाही. खूप खाली उतरून पडलेल्या सेलात आतला तांब्याचा पत्रा विरघळतो. पुन्हा चार्ज केला की ते तांबं भलत्या जागी साचतं आणि दोन थरांमधल्या पातळ पडद्यातून आरपार शॉर्ट तयार होतो. वरून काही दिसत नाही. व्होल्ट छान दाखवतो, फोनही भरतो, आणि एके रात्री उशाशी पेटतो. माझं सगळं शहाणपण या एका गोष्टीत आहे, पण तीच लोकांना पटत नाही. "जिवंत झाला ना मिस्तरी, मग कशाला टाकता?"

जे उरले ते एकेक करून भरायचे. टीपी४०५६ म्हणून नखाएवढं मॉड्यूल मिळतं, ते ४.२ व्होल्टला बरोबर थांबतं. त्यावर १.२ किलोओमचा एक बारीक रेझिस्टर असतो, त्यानं करंट एक ॲंपियर येतो. जुन्या सेलाला तो जड जातो. तो काढून २ किलोओमचा लावला की ५८० मिलिॲंपियरवर येतो. अण्णा दोनच बल्ब पेटवायचे, तेच हे. भरताना सेल हाताला ऊन लागला की नापास. भरल्यावर तारीख लिहून तीन आठवडे लाकडी ट्रेमध्ये उभे ठेवायचे, ४.१ च्या खाली कुणी घसरला तर तोही नापास. शेवटी ठरलेल्या लोडवर ३ व्होल्टपर्यंत रिकामा करून वेळ मोजायचा. अर्ध्या ॲंपियरवर चार तास चालला तर दोन हजार मिलिॲंपियर-तास. सारखे भरणारेच एकत्र बांधायचे आणि बांधताना सगळ्यांचा व्होल्ट एक हवा, नाहीतर भरलेला रिकाम्यात धबाधबा ओततो. प्रत्येकाला वेगळा फ्यूज, पट्ट्या झाळायच्या नाहीत, स्पॉट वेल्डिंग करायचं, कारण सोल्डरिंगची उष्णता आतल्या पडद्याला मानवत नाही. मग संरक्षक सर्किट, मग पाच व्होल्ट करणारं बूस्ट मॉड्यूल, मग खोकं. जुन्या मोबाइलच्या चपट्या बॅटऱ्या मी या कामाला घेतच नाही. गोल सेलाच्या टोपीत दाब वाढला की वाट तोडणारी झडप असते. चपट्याला नुसती पिशवी.

अशा २२०० च्या चार सेलांची बेरीज ८,८०० होते, पण ती ३.७ व्होल्टची. पाच व्होल्टला चढवताना आणि वाटेतली गळती धरता साडेपाच हजारांच्या आसपास हाती येतं. जत्रेत 'वीस हजार' छापलेली हलकी पॉवर बँक दोनशेला मिळते, तिच्याशी आमची बरोबरी व्हायची नाही. असली खोकी मी उघडून बघितली आहेत. एकात एक सेल खरा आणि बाकीच्यांत वजनाला वाळू. आणि १८६५० वर ९९०० लिहिलेलं दिसलं की समजावं, छापणारा शाळेत गेलाच नव्हता. चांगल्यात चांगल्या सेलात साडेतीन-चार हजारांपलीकडं मावत नाही.

माझं मोठं गिऱ्हाईक ट्यूशनची पोरं नाहीत. ते आहे ऊसतोडीचं. रेणापूर, अहमदपूर, जळकोट या बाजूनं टोळ्या दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहतात. कोपीत वीज नाही. गावात म्हातारी आणि पोरं ठेवलेली, फोन बंद पडून चालत नाही. ट्रॅक्टर थांबला की त्याच्या बॅटरीवरून एकदा भरून घेतलं की तीन-चार दिवसांची ददात मिटते. त्यांना देताना मी एकच गोष्ट तीनदा सांगतो: ही उन्हात घालायची नाही. कारण हमखास घालतात. मार्चमध्ये कोपीच्या पाचटावर, मंद झाली म्हणून, आयाबायांनी शिकवल्याप्रमाणं. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्यावर तर हात ठेववत नाही. लाल सेलाला जे औषध होतं ते याला विष. उष्णतेनं आतला द्रव बिघडतो, वायू धरतो, आणि एका हद्दीपलीकडं सेल स्वतःच्याच उष्णतेनं आणखी तापत जातो. तशी आग लागली तर फक्त वाळू टाकून भागत नाही, भरपूर पाणी ओतून गार करावं लागतं. दुकानात वाळूची बादली आणि पाण्याचा पिंप, दोन्ही भरलेले असतात.

नापास सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावून मी ते पत्र्याच्या डब्यात वेगळे ठेवतो. घंटागाडीत टाकत नाही, कारण ती आतला माल दाबते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, पण इथं तो डबा भरला की परवानाधारक ई-कचरावाल्याची वाट बघत बसावं लागतं. भंगारवाला मात्र रोज विचारतो, किलोला किती देऊ. त्याला दिला तर तो माल पुन्हा कुणाच्या तरी हातात जाऊन 'झटका' खाणार हे मला माहीत असतं, म्हणून देत नाही. यावरून आमची बोलाचाली झालेली आहे.

प्रत्येक पॉवर बँकेवर मी महिना आणि साल कोरतो आणि सांगतो, दोन वर्षांनी घेऊन या, उघडून सेल पुन्हा मोजतो, पैसे नाहीत. ऊसतोडवाले आणतात, कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावाकडं आले की पाडव्याच्या पुढं-मागं. ट्यूशनची पोरं आणत नाहीत. नीटचा निकाल लागला की ती लातूर सोडतात, आणि माझे सेलही त्यांच्या बॅगेतून कुठल्या कुठल्या कॉलेजाच्या हॉस्टेलला जातात.